काथ्याच्या गाठीतले बी

नियम मोडणारा प्रत्येक जण दुष्ट असतो असे नाही. कधी कधी शोकाकुल माणूस प्रेमापोटी एक पाऊल वाकडे टाकतो आणि त्या पावलाचे ओझे निरपराध भूमीला वाहावे लागते. मित्रांनो, मी एक जुना खराटा आहे, आणि ही हकिगत अशाच एका पावलाची आहे.

माझा जन्म मोंबासाच्या उत्तरेला, किलिफी गावाजवळच्या एका माडबनात झाला. दामा नावाच्या वृद्धेने वाळलेल्या झावळ्यांचे हीर सोलून काढले आणि काथ्याने मला घट्ट बांधले. तिची मुलगी काचे मोंबासा बंदरालगतच्या पीठगिरणीत झाडण्याचे काम करी. तिने मला तेथे नेले.

जहाजातून उतरलेला परदेशी गहू मालमोटारींनी गिरणीत येई. तो केवळ दळण्यासाठी होता. त्यातला एक दाणाही मातीत पडू नये असा दंडक होता. मोटार रिकामी झाली की काचे तिचा तळ झाडी आणि ते झाडलेले सारे भट्टीत जाई. पहिल्या दिवशी मात्र तिचा हात थबकला.

"साहेब, अन्न जाळायचं? आमच्याकडं कोंबड्या यावर तुटून पडतील!"

निरीक्षक म्वादिमे हसले नाहीत. "अन्न नाही, काचे. त्यात लपून आलेलं जाळायचं. कुठलं बी, कुठला किडा, कुणाला ठाऊक? आणि ऐक, हा खराटासुद्धा फाटकाबाहेर जायचा नाही."

"खराट्यालाही पासपोर्ट लागतो का हो?"

"लागतो. आणि याला मिळणार नाही."

पुढे सहा वर्षे काचेने कानाकोपरा झाडला. एक दाणा तिने कधी पदराला बांधला नाही. नव्या कामगारांना म्वादिमे सांगत, "काचेसारखं झाडा." ते ऐकून मलाही अभिमान वाटे.

मग एके दिवशी तिचा भाऊ कटाना मासेमारीला गेला तो परतलाच नाही. समुद्राने तिसऱ्या दिवशी त्याचा देह दिला. दामाच्या गिरियामा जमातीत घरी मृत्यू झाला की आप्तेष्ट कित्येक दिवस अंगणातच निजतात. अशा वेळी अंगण न झाडणे म्हणजे मृताचा अनादर. दामाचा निरोप आला, "घरातला खराटा मोडलाय. येताना एक घेऊन ये."

बाजारात जाण्याइतका धीर काचेला नव्हता. तिने मला उचलले. "तुला आईनंच बांधलंय. घरीच तर चाललायस." अंगावरच्या कांग्यात, त्या रंगीत सुती वस्त्रात, गुंडाळून तिने मला फाटकाबाहेर नेले. पहारेकऱ्याने तिचे डोळे पाहिले आणि मान वळवली.

चार दिवस मी ते अंगण मक्याच्या शेताच्या कडेपर्यंत झाडले. माझ्या गाठीत काय अडकले होते, ते मला ठाऊक नव्हते.

पाऊस पडून गेल्यावर मक्याच्या ओळींत एक काटेरी, राखाडी पानांचे तण उगवले. मका पिवळा पडला. शेळ्यांची तोंडे सुजली. "इतकी वर्षं ही माती पाहतेय, हे पान कधी पाहिलं नाही," दामा म्हणाली. काचेने ते पाहिले होते, गिरणीच्या भिंतीवर लावलेल्या घातक तणांच्या चित्रात.

 तिसऱ्या दिवशी ती म्वादिमे यांच्यापुढे उभी राहिली.

"साहेब, त्या खराट्याला पासपोर्ट मीच दिला."

त्यांनी विचारले, "शेजारच्या शेतात गेलंय का?"

"अजून नाही."

"मग तू आलीस हे बरं झालं. पण तुझं काम मी वाचवू शकणार नाही, पोरी."

दामाचे शेत उभ्या मक्यासह उपटून जाळले गेले. दोन वर्षे तेथे काही पेरायचे नाही असे ठरले. काचे आईच्या पायाशी बसून रडत होती. दामा धुराकडे पाहत म्हणाली, "खराटा आण म्हणून मीच सांगितलं होतं ना? ऊठ आता. निम्मं ओझं माझं."

मला गिरणीत परत नेऊन म्वादिमे यांनी माझी गाठ सोडली. काथ्यात तीन बिया निघाल्या, तिळाहूनही लहान. आता मी भट्टीच्या तोंडाशी पडून आहे आणि माझे हीर सुटे झाले आहेत.

मित्रांनो, जो दुसऱ्यांना स्वच्छ करतो, त्याच्याही गाठी कोणीतरी तपासाव्यात. सहा वर्षांत माझी गाठ एकदाही कोणी तपासली नाही, आणि मीही स्वतःला निर्मळ समजत राहिलो.

माझ्या राखेतून काही न उगवो. दामाच्या भूमीत पुन्हा मका डोलो. काचेच्या हाती नवा खराटा येवो, तिच्या आईनेच बांधलेला. आणि कटाना जेथे असेल, तेथले अंगण स्वच्छ असो.