डोणीतला झेंडू

मित्रांनो, मी एक जुनी दगडी डोण आहे. जनावरांनी तोंड घालून पाणी प्यावं म्हणून मला एकाच काळ्या पाषाणात कोरलं. वाईत, घाटाकडे उतरणाऱ्या आळीच्या तोंडाशी माझी जागा. टांग्याची घोडी, बाजाराचे बैल माझ्यापाशी थांबत. दिवाळी सरली की आटपाडीकडची मेंढरं कोकणात निघत, तीही इथेच पाणी पीत. तो माझा सण.

पुढे टांगे गेले, बैल गेले. आळीतल्या घरांना कुलपं लागली. माझ्यात कुणी चहाचे कप टाकी, कुणी गुटख्याच्या पुड्या. तरी समोरच्या सुलाबाई दिवाळीनंतर मला घासून भरून ठेवत आणि मेंढरं येत. तेवढ्यावर मी तग धरून होते. मग सुलाबाईही लेकाकडे साताऱ्याला गेल्या.

त्याच वर्षी सांगलीची स्वप्नाली आळीत राहायला आली. जुन्या वस्त्या सावरणं हेच तिचं काम. काय राबली ती पोर! उखडलेली फरशी बसवून घेतली, लोंबत्या तारा जमिनीखाली घातल्या, घरमालकांच्या मागे लागून कुलपं उघडायला लावली. आळीत पुन्हा पोरांचा गलका सुरू झाला. खरं सांगते, एवढी देखणी आळी मी जन्मात पाहिली नव्हती. मलाही तिनं स्वतःच्या हातांनी घासलं. आणि हौसेनं माती भरून माझ्यात झेंडू लावला.

लोक माझे फोटो काढू लागले. मला मात्र मेंढरांचा घोर लागला. ती आली तर त्यांना देऊ काय?

दिवाळी सरली आणि आटपाडीच्या हरणाबाई धनगरणीचा कळप आळीत शिरला. पुढची म्हातारी मेंढी सवयीनं धावत आली, माझ्यात तोंड घातलं, आणि पाणी नाही म्हटल्यावर झेंडूच ओरबाडू लागली. बाकीच्या काय मागे राहतात? बघता बघता बाग फस्त!

हरणाबाईनं कपाळाला हात लावला. "आवं बाई, लय नुसकान झालं तुमचं! पर तिला दरसाली हितंच पानी मिळतंय. तिला काय ठावं?"

स्वप्नाली ओरबाडलेल्या रोपांपाशी आली. मग खळखळून हसली. "मावशी, मेंढीचं काही चुकलं नाही. लावण्याआधी मीच कुणाला विचारलं नाही."

"मग आता वो?"

"आता माती काढू. या, हात लावा."

दोघींनी पदर-ओढणी खोचून मला रिकामं केलं, धुतलं, नळी लावली. गार पाणी पोटात उतरलं आणि मला रडू फुटलं. त्या मेंढीनं पहिलं तोंड घातलं.

आता झेंडू आळीभर कुंड्यांतून फुलतो, आणि मी भरलेली असते. मित्रांनो, जुन्या वस्तूला घासा, पुसा, हवं तर नटवासुद्धा. फक्त त्याआधी एवढं विचारा, की ती अजून कुणाच्या वाटेकडे डोळे लावून बसली आहे का.