मामांचं मत

चष्म्याच्या काडीचा स्क्रू चिमट्यात धरून तो भोकात बसवणार, तेवढ्यात रेडिओवर मामांचा आवाज आला. चष्मेवाल्याने हात थांबवला. मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत. पंचवीस वर्षांपूर्वी एका नाटकात त्यांनी विसरभोळ्या मामाचं काम केलं आणि सगळं शहर त्यांना मामाच म्हणू लागलं. त्यांचा एकही नवा प्रयोग चष्मेवाल्याने आणि त्याच्या बायकोने सोडला नव्हता. बायको तर मामा रंगमंचावर यायच्या आधीच हसायला लागायची.

मुलाखत घेणारीने नव्या नाटकाबद्दल विचारलं, तब्येतीबद्दल विचारलं आणि मग गेल्या वर्षीच्या नर्सच्या संपाचा विषय काढला. तेव्हा अकरा दिवस मोठं इस्पितळ बंद पडल्यासारखं होतं, आणि आता संप करणाऱ्यांपैकी काहींना कामावरून काढणार असल्याची बातमी होती.

"त्यांचं बरोबर होतं," मामा म्हणाले. "चाळीस पेशंटमागे एक बाई. मी त्यांच्या जागी असतो, तर मीही गेटबाहेर बसलो असतो."

स्क्रू चिमट्यातून निसटून फरशीवर कुठेतरी गेला. चष्मेवाल्याने तो शोधला नाही. त्याची बायको त्या संपाच्या सहाव्या दिवशी गेली होती. रात्री सलाइन संपलं होतं, ते कुणी बघितलंच नाही, असं त्याला पुढे एका वॉर्डबॉयकडून कळलं. त्यामुळेच ती गेली, असं कुठला डॉक्टर म्हणाला नव्हता. त्यामुळे गेली नाही, असंही कुणी म्हणालं नव्हतं.

मामांची नाटक कंपनी चालायची ती रसिक मंडळाच्या जिवावर. तालमीची जागा मंडळाची, थिएटरचं भाडं मंडळाचं, आणि पहिल्या दहा रांगा वर्षभरासाठी सभासदांनी आधीच घेतलेल्या. चष्मेवाला मंडळाचा जुना चिटणीस. त्याने त्याच आठवड्यात बैठक बोलावली आणि मंडळाने मामांना दिलेला पाठिंबा काढून घ्यावा, असा ठराव मांडला.

बैठकीत सगळेच तावातावाने बोलले. भाड्याने घरं देणाऱ्या एका सभासदाला मामांनी घरमालकांवर केलेला विनोद दोन वर्षं डाचत होता, तो त्याने आता बाहेर काढला. एका बाईंचं म्हणणं, आम्ही दोन घटका हसायला जातो, अक्कल शिकायला नाही. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते. नटाने नाटक करावं, मतं आपल्या घरी ठेवावीत, असं त्यांनी तीन वेळा सांगितलं. एका तरुण सभासदाने मात्र शंका काढली, की मामा काही रंगमंचावरून बोलले नव्हते, त्यांना विचारलं म्हणून बोलले. त्यावर चष्मेवाला उठून उभा राहिला.

"माझी बायको त्या सहाव्या दिवशी गेली," एवढंच तो म्हणाला.

मग वाद उरला नाही. तरुणानेही मान खाली घालून हात वर केला. मामांना पाठवायचं पत्र हेडमास्तरांनी लिहिलं. त्यात 'सभासदांच्या भावना' होत्या, 'कलावंताची मर्यादा' होती. बायकोचा उल्लेख कुठेच नव्हता. चष्मेवाल्याने ते दोनदा वाचलं आणि चिटणीस म्हणून खाली सही केली.

चार दिवसांनी मामाच दुकानात आले. भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना. खिशातून चष्मा काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. नाकावरचा पॅड तुटला होता. दुसऱ्या काउंटरवर चष्मेवाल्याची मुलगी काचा घासत होती. डोळे तपासण्याचं काम तीच बघायची. तिने मामांना खुर्ची दिली आणि पुन्हा कामाला लागली.

चष्मेवाला पॅड बदलू लागला.

"एवढं जाहीर करा, की तुम्हाला सगळं माहीत नव्हतं," तो वर न बघता म्हणाला. "मी मंडळाला समजावतो."

"माहीत होतं," मामा म्हणाले. "वहिनींना शेवटचं न्यायला मीही आलो होतो. तुमच्या मागेच उभा होतो."

"आणि तरी बोललात?"

"तुमच्या तोंडावर बोललो नसतो. तिथे सरळ प्रश्न आला. खोटं बोलवेना."

चष्मेवाल्याने चष्मा पुसून पुढे केला. मामांनी तो घातला, नाकावर नीट बसवला आणि सवयीने उठून दाराकडे निघाले. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून दुरुस्तीचा एक पैसा कधी घेतला गेला नव्हता. चष्मेवाल्याने मागून हाक मारून किंमत सांगितली. मामा परत आले, पाकीट उघडून सुट्टे पैसे काउंटरवर ठेवले, आणि मुलीकडे बघून किंचित मान हलवून निघून गेले.

तिसऱ्या महिन्यात नाटक बंद पडलं. आधी पहिल्या दहा रांगा रिकाम्या राहिल्या, मग त्या रिकाम्या रांगा पाहून मागचे लोकही यायचे थांबले. प्रकाशयोजना करणारा सामानाची गाडी चालवू लागला. नाटकात मामांच्या बहिणीचं काम करणारी नटी एका शाळेत हस्तकला शिकवू लागली. ती तर रेडिओवर काही बोललीही नव्हती. मामा भाड्याची खोली सोडून दुसऱ्या गावी धाकट्या भावाकडे राहायला गेले. तिथे विसरभोळे मामा पुतण्यांचा अभ्यास घेतात, असं कुणीतरी सांगितलं, आणि ऐकणारे हसले.

मंडळाने मामांच्या जागी एक जादूगार आणला. कार्यक्रमानंतर हेडमास्तर चष्मेवाल्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, की बघा, दोन तास झाले, एक वावगा शब्द नाही. खरं तर जादूगार संपूर्ण कार्यक्रमात काही बोललाच नव्हता. मागे संगीत चालू होतं.

पुढच्या रविवारी दुकान बंद ठेवून बापलेक कपाटं आवरत होती. मुलगी फ्रेमा काढून त्यांच्या काचा पुसत होती, तो फळ्या पुसत होता. त्याच्या मनात बरेच दिवस घोळत असलेलं तो सहज बोलून गेला.

"तुझ्या आईला मामांचं केवढं कौतुक होतं. बरं झालं, ते रेडिओवरचं ऐकायला ती नव्हती."

मुलीचा हात फ्रेमांवर थांबला.

"आई तेच म्हणाली होती, बाबा."

"काय?"

"की त्यांचं बरोबर आहे. पाचव्या दिवशी. खिडकीतून गेट दिसायचं. नर्स तिथे उन्हात बसल्या होत्या. मला म्हणाली, खाली जा आणि त्यांना पाणी देऊन ये."

"मग?"

"मी दिलं."

तो हातातलं फडकं घेऊन तसाच उभा राहिला. त्या दिवसांत तो दुकान सांभाळत होता आणि इस्पितळात मुलगी होती. तो संध्याकाळी जायचा, तेव्हा बायको बहुतेक झोपलेली असायची.

"तू मला सांगितलं नाहीस."

"सांगणार होते," मुलगी म्हणाली. "मग तुम्ही बैठक बोलावलीत."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तो स्टुलावर बसला. फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"अजून काय म्हणाली होती?"

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाला कुठलं अक्षर दिसतंय आणि कुठलं तो अंदाजाने वाचतोय, हे ताडताना ती पाहायची, तसं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि नुकतीच पुसलेली काच पुन्हा पुसू लागली.