ताच्या मानेवरचं सिमेंटचं डोकं

उल्रिकेने ताच्या डोक्यावर हात ठेवला आणि थेआरीच्या हातातला झाडू जागच्या जागी थांबला.

बरं, नुसता हात ठेवून ती बया थांबली नाही. नारळ घेताना वाजवून बघतात तसं तिने ते डोकं बोटाने टकटक वाजवलं, कान लावून ऐकलं, आणि खाली उभ्या असलेल्या विराकसाहेबांना शिडीवरून सांगितलं, "मुंडकं सिमेंट. आत लोखंड."

दगडांची डॉक्टर म्हणून ती जर्मनीहून आली होती. तिला इथली ख्मेर भाषा येत होती, पण ती बाजारात शिकलेली. देवाचं ते मस्तक, माणसाचं ते डोकं आणि टोपलीत विकायला ठेवतात ते मुंडकं, एवढा फरक तिला कुणी सांगितला नव्हता.

"मुंडकं तुझ्या बापाचं!" थेआरी कडाडली. "उतर खाली! आधी उतर!"

आवारात दगड वाहणारे गडी होते, पण थेआरीला कुणी गप्प केलं नाही. कोक चान गावात दुसऱ्याच्या डोक्याला हात लावणं हे त्याच्या थोबाडीत मारण्यापेक्षा वाईट. इथला न्हावीसुद्धा म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या केसांना कात्री लावण्याआधी हात जोडून माफी मागतो. आणि हे तर ताचं डोकं. ता म्हणजे आजोबा, गावाचा राखणदार. जुन्या देवळाच्या पूर्वेच्या दारात तो दगडी पुरुष उभा होता. पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या लेखी तो द्वारपाल असेल, गावाच्या लेखी तो ता. पाऊस त्याच्याकडे मागायचा, म्हैस हरवली तर त्याला विचारायचं, पोराचा ताप उतरला की त्याला केळी वाहायची.

विराकसाहेब राजधानीचे, फ्नोम पेन्हचे, देवळाच्या डागडुजीवरचे सरकारी अधिकारी. ते मऊपणाने म्हणाले, "मावशी, त्यांना माहीत नव्हतं."

"माहीत नाही तर हात कशाला चालवते? आमच्या डोक्यावर मिरे वाटायला आलात का देशोदेशीचे?"

थेआरीच्या जिभेला हाड नव्हतं हे गावाला ठाऊक होतं. नवरा गेल्यापासून ताची झाडलोट तीच करायची, त्याचं पिवळं वस्त्र तीच बदलायची. तिची भक्ती बघून बायका म्हणायच्या, तोंडाने फाटकी असली तरी मनाने सोनं आहे. बायकांना काय माहीत!

खरी गोष्ट अशी की थेआरीचा तावर विशेष जीव नव्हता. तिचा जीव होता त्याच्या मानेवरच्या डोक्यावर.

वीसेक वर्षांपूर्वी, लढाई पुरती थांबली नव्हती तेव्हा, चोरांनी ताचं मूळ डोकं कापून सीमेपलीकडे नेलं. त्याच उन्हाळ्यात थेआरीचा एकुलता मुलगा कोसाल म्हशींमागे देवळाच्या कुंपणाशी गेला आणि पुरलेल्या सुरुंगावर त्याचा पाय पडला. लोकांनी त्याला चटईत गुंडाळून आणलं आणि चटई काही उघडू दिली नाही. पुढे गावात तापाची साथ आली. बिनडोक्याचा ता काय राखणार, असं म्हणत लोक थेआरीच्या नवऱ्याकडे, केओ गवंड्याकडे आले. केओने आयुष्यात पाण्याच्या टाक्या बांधल्या होत्या, देव कधी केला नव्हता. त्याला एकच चेहरा येत होता, तो त्याने केला. वस्त्र सरकवलं तेव्हा म्हाताऱ्या म्हणाल्या, "अगंबाई, आपला ता तरुण होऊन आला!" थेआरीने पाहिलं आणि तिने जमिनीवर कपाळ टेकलं. सगळ्यांना वाटलं, केवढी श्रद्धा.

घरात कोसालचा एकही फोटो नव्हता. त्या काळी गावात कॅमेरा कुणी पाहिला होता? हनुवटीवरची खळी, किंचित पुढे आलेला कान, हे सगळं जगात एकाच ठिकाणी उरलं होतं. नवरा-बायको त्यावर कधी बोलले नाहीत. बोलले असते तर गावाने ते डोकं फोडून टाकलं असतं. गुराखी पोराला राखणदार म्हणून कोण पुजेल?

पुढच्या आठवड्यात पॅगोडाच्या सभागृहात बैठक झाली. विराकसाहेबांनी कागदाची गुंडाळी उलगडली. त्यावर मोठा फोटो होता. जाड ओठ, बारीक मिशी, अर्धवट मिटलेले डोळे. परदेशातल्या एका संग्रहालयात काचेमागे ठेवलेलं ताचं खरं डोकं. त्या लोकांनी ते आपणहून परत केलं होतं. एका देशाने क्रेन दिली होती, एकाने दगडांचे जाणकार, एकाने पैसा.

"आणि आपण ता दिला," विराकसाहेब हसत म्हणाले. "महिनाअखेर डोकं मानेवर बसवायचं. मंत्री येणार आहेत."

दोन म्हातारे फोटो बघून रडायला लागले. त्यांनी ते डोकं लहानपणापासून पाहिलं होतं.

थेआरी उठली. "इतकी वर्षं परमुलखात राहिलेलं डोकं. त्याला आता आपली भाषा तरी कळते का? सध्याच्या डोक्यात काय खोट आहे? पाऊस पडला नाही? साथी थांबल्या नाहीत?"

"खोट एवढीच की ते सिमेंटचं आहे, ताई," मागून कुणीतरी म्हणालं. तो तिचा धाकटा भाऊ सारिथ होता. देवळाच्या कामावरचा मुकादम.

"तुला आज कळलं होय? रोज त्याच्यापुढे उदबत्ती लावून कामावर चढतोस, तेव्हा कुठे गेली होती ही अक्कल?"

"तेव्हा खरं नव्हतं म्हणून खोट्याला हात जोडले. आता खरं आलंय."

"खरं आलंय!" थेआरीने हात नाचवले. "आणि खरं गेलं कसं, तेही सांग की. त्या रात्री पहाऱ्यावर कोण होतं?"

सगळ्या माना सारिथकडे वळल्या. ही गोष्ट गाव पाठीमागे बोलायचं, तोंडावर आजवर कुणी बोललं नव्हतं. सारिथ त्या रात्री ताप येऊन पहाऱ्याच्या झोपडीत पडला होता, थेआरीनेच त्याला काढा पाजला होता. तो चोर नाही हे जगात कुणाला पक्कं माहीत असेल तर तिला. तरी ती बोलली. तिला लाज वाटली, पण मागे घेण्याइतकी वाटली नाही.

"आली ना शेवटी तिथेच," सारिथ हळू म्हणाला. "माझ्या पोरीचं लग्न या एका बोलण्यावर दोनदा मोडलंय. तरी तू, माझी सख्खी बहीण... ऐक तर. माझ्या पहाऱ्यात गेलेलं डोकं मीच बसवणार. तू आडवी पडलीस तर तुला ओलांडून बसवणार."

त्या दिवसापासून त्याच्या घरून येणारी आंबवलेल्या मासळीच्या प्राहोकची वाटी बंद झाली. त्याची बायको वाटेत दिसली की थेआरी मुद्दाम तिच्या पायाशी पानाची पिंक टाकायची. त्याच्या बायकोनेही काही सोडलं नाही. विहिरीवर ती ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "मूल नाही, बाळ नाही, सिमेंटला कवटाळून बसलीये म्हातारी." आपण कुठे बोट ठेवतोय हे तिला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा ते ऐकलं त्या रात्री थेआरी मात्र जेवली नाही.

मग एके दुपारी उल्रिके द्राक्षांची पेटी घेऊन थेआरीच्या दारात आली. विराकसाहेबांनी पढवून पाठवलं असणार, कारण पायताण काढून, गुडघ्यांवर बसून तिने आईला जोडतात तसे नेमके नाकापर्यंत हात जोडले.

"मी चुकले. माफी."

"हात जोडता बरे येतात," थेआरी म्हणाली. "ठेवायचे कुठे तेवढं शीक." द्राक्षांना तिने हात लावला नाही. मग तिने दुसरीकडे बघत विचारलं, "काढलेल्या डोक्याचं काय करणार?"

"सिमेंट वाईट. सिमेंटमधून मीठ उतरतं, दगड खातं. ताची मान आता भुसभुशीत आहे. दोन पावसाळे, मग छाती जाईल."

"काय करणार ते विचारलं."

"गळ्यात सळई आहे. ती कापणार. कापताना वरून कुणी डोकं धरलं, तर अख्खं निघेल. नाही धरलं तर..." उल्रिकेने हात खाली पाडून दाखवला.

"धरणार कोण?"

"सारिथची माणसं."

थेआरी खदाखदा हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की ताचं डोकं दोन्ही हातांनी धरेल असा माईचा लाल अख्ख्या जिल्ह्यात सापडायचा नाही. तिचं हसू तिथेच आटलं.

"जा तू," ती म्हणाली. "आणि ही पेटी ने. कुत्र्यांनापण आवडत नाहीत असली फळं."

मंत्री यायच्या दोन दिवस आधी, ठरल्या सकाळी भिक्खू येऊन पाठ म्हणून गेले. ताच्या पायाशी केळी, भाताची दारू, उकडलेलं डुकराचं मुंडकं मांडलं गेलं. गावाच्या वतीने सगळ्यात वयस्कर माणसाने त्याची क्षमा मागितली. नवं, म्हणजे जुनं, डोकं लाकडी पेटीत बाजूला ठेवलं होतं. उल्रिके करवत घेऊन परांचीवर चढली आणि तिने खाली बघितलं.

"धरा."

कुणी हललं नाही. एकाचं पोट बिघडलं. एकाची म्हैस व्यायला झाली होती. एकजण म्हणाला, माझा जन्म उंदराच्या वर्षातला, मला चालत नाही. आधी क्रेनचा पट्टा घालून पाहिला, तो गुळगुळीत डोक्यावरून दर वेळी निसटला. मग विराकसाहेब चिडले. बाह्या सरसावून ते स्वतः चढले. त्यांचे हात ताच्या कानांपासून वीतभर अंतरावर गेले आणि थांबले. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"माझी आई अजून आहे, तिला बाधायचं," ते उतरताना पुटपुटले. पॅरिसमध्ये शिकलेला माणूस!

सगळे सारिथकडे बघायला लागले. तो चढला. हात पुढे केले. खाली जमलेलं गाव त्याच्याकडे टक लावून बघत होतं, आणि गाव काय बघतंय हे त्याला उमगलं. सारिथच्या हातात ताचं डोकं! वीस वर्षं लोक मनात जे चित्र रंगवत होते, ते तो आता स्वतः उभं करून दाखवणार होता. तो खाली उतरला.

"पोती टाका," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पडू दे. सिमेंटच तर आहे."

"फुटेल," उल्रिके म्हणाली.

"फुटू दे!"

गड्यांनी भुशाची दोन पोती आणून टाकली. फरशीच्या मानाने ती पोती म्हणजे नुसतं नाटक. थेआरीने झाडू टाकला, सारोंग कमरेला खोचला आणि ती परांचीची शिडी चढायला लागली.

"ताई, खाली ये."

"मी धरते."

"अगं बाई!" खालून बायका ओरडल्या. "ताचं मस्तक ते! बाईमाणसाने हात लावायचा? गाव जळेल!"

"ताचं नाही." ती वर पोचली होती. तिला धाप लागली होती. "ताचं नाहीये ते. माझ्या कोसालचं आहे. केओने कोसालचा चेहरा केलाय. डोळे फुटलेत का तुमचे? ही खळी बघा. हा कान बघा. शाळेत ज्याला तुमची पोरं सुपकान्या म्हणायची, तो हा कान. पोराच्या डोक्याला हात लावायला आईला कुणाची परवानगी लागते?"

आणि तिने दोन्ही तळहात त्या गालांवर ठेवले.

खाली एक म्हातारी मटकन बसली. तिला कोसाल आठवत होता. मग दुसरीला आठवला. एक पुरुष संतापून म्हणाला, "म्हणजे आम्ही गवंड्याच्या पोरापुढे लोटांगणं घातली?"

"घातलीत! आणि पावला तो तुम्हाला! नालायकहो, तरी पावला!"

सारिथ शिडीला धरून उभा होता. "मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर पहिला घण तूच घातला असतास."

तो नाही म्हणाला नाही.

"काप," थेआरी उल्रिकेला म्हणाली. किती कळलं कोण जाणे, पण त्या बाईने एक शब्द विचारला नाही. करवत चालू लागली. राखाडी धूळ थेआरीच्या केसांत, तोंडात गेली. सळई कटकन तुटली आणि सगळा भार एकदम तिच्या हातांत आला. ती डगमगली. सारिथ दोन पायऱ्या चढून हात पुढे करता झाला.

"हात मागे घे," ती म्हणाली.

ते डोकं छातीशी धरून ती एकेक पायरी उतरली. चटईतलं काहीच तिला तेव्हा हातात घेऊ दिलं नव्हतं. आता गावाची हिंमत होत नव्हती तिला अडवायची. लोकांनी वाट दिली. मघाशी बसलेल्या म्हातारीने सवयीने, किंवा भीतीने, हात जोडून मान वाकवली. तिचं बघून आणखी दोघा-तिघांनी वाकवली.

थेआरी थांबली.

"आता कसले हात जोडता? वीस वर्षं त्याच्याकडे पाऊस मागितलात. ताप उतरवून मागितलात, म्हशी हुडकून मागितल्यात. त्याच्यापुढे डुकराची मुंडकी ठेवलीत आणि उदबत्ती विझायच्या आत घरी नेऊन स्वतः खाल्लीत. बारा वर्षांचं पोर होतं ते. वाटेने जाणाऱ्या परक्यालासुद्धा तुम्ही विचारता. याला एकाने तरी विचारलं, बाळा, जेवलास का?"

ती घराच्या वाटेला लागली. ती लांब गेल्यावर सारिथने घसा खाकरला आणि गड्यांना लाकडी पेटी उघडायला सांगितली.