‘मिळाले’ म्हणणारा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. वर लाकडी मूठ, खाली रबर आणि मधे दिवस, महिना, साल फिरवायचे तीन पट्टे. माझ्या पहिल्या ओळीत शाळेचं नाव आहे आणि शेवटच्या ओळीत एकच शब्द आहे, ‘मिळाले’. आधीच सांगून ठेवतो, माझा तुमच्यावर विश्वास नाही. रागावू नका, माझा कोणावरच नाही. मी जन्मलोच संशयात, त्याला मी काय करू?

ज्या दुकानात मी तयार झालो, तिथला शिक्केवाला गिऱ्हाइकाला आधी नखशिखांत न्याहाळायचा. “पत्र आणलंय का? पत्राशिवाय मी कोणाच्या बापालाही शिक्का करून देत नाही. उद्या तुम्ही खोटे दाखले काढाल आणि निस्तरायचं मी!” मला कोऱ्या कागदावर उमटवून त्याने भिंग लावून पाहिलं, तेही असं, की जणू मी एखादा खोटा दाखला करून आताच परत आलो आहे. अजून माझी शाईसुद्धा वाळली नव्हती हो!

शाळेत मी पहिल्यांदा पडलो थोरल्या कारकुनांच्या हाती. सकाळी खुर्चीत बसले की आधी माझे पट्टे फिरवायचे, मगच चहा. कोणी अर्ज आणला की त्याच्या दोन्ही प्रतींवर मला उमटवायचे, एक प्रत ठेवून घ्यायचे आणि दुसरी परत द्यायचे. त्या परत दिलेल्या प्रतीला म्हणतात पोच. तुमचा कागद आमच्याकडे पोचला, आता आम्हाला ‘आलाच नाही’ म्हणता येणार नाही, एवढाच तिचा अर्थ. लोक ती घडी करून जपून नेत. माझा ठसा बघून एकदा एक आजी म्हणाल्या, “किती स्वच्छ उमटलंय!” माझं आजवर झालेलं कौतुक तेवढंच. थोरले कारकून भले माणूस होते, पण शाळेच्या पेन्सिली घरी न्यायचे, ते मी पाहिलं आहे. म्हणून म्हणतो, माझा कोणावर विश्वास नाही.

ते निवृत्त झाले आणि नवे कारकून आले. त्यांचं खरं नाव मुलांना माहीत नव्हतं. सगळे त्यांना ‘ठेवून-जा’ म्हणत. कारण कोणीही, कसलाही अर्ज आणला, तरी मान वर न करता ते म्हणत, “ठेवून जा.” पोच नाही, शिक्का नाही. कागद टेबलाच्या खणात जायचा आणि खणातून कुठे जायचा, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला त्यांनी त्याच खणात टाकलं, एका सुकलेल्या डिंकाच्या बाटलीशेजारी. जून महिन्यात एकदाच बाहेर काढलं, एक ठसा मारला आणि परत आत. माझे पट्टे जूनच्या चौदा तारखेवर अडकून बसले. बाहेर पावसाळा संपला, थंडी पडली आणि मी आपला जूनमध्येच.

कार्यालय आणि मोठ्या मुलांचा वर्ग यांच्यामध्ये फक्त एक फळ्यांची भिंत होती. दर शनिवारी त्या वर्गात एक वकीलबाई यायच्या. मुलं त्यांना वकीलमावशी म्हणत. माणसाचे हक्क कोणते आणि कायदा ते कसे राखतो, हे त्या मुलांना शिकवत. मी खणातून कान देऊन ऐकायचो आणि मनात म्हणायचो, आली मोठी शहाणी! फुकट शिकवते म्हणजे हिचा काहीतरी डाव असणार.

त्या म्हणायच्या, “हक्क म्हणजे कोणाची मेहेरबानी नाही. ऐकून घेतल्याशिवाय कोणाला शिक्षा देता येत नाही. आरोप करणाऱ्याने तो शाबीत करायचा, ज्याच्यावर आरोप आहे त्याने नव्हे. आणि बाळांनो, तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. अर्ज द्या, पोच घ्या, आणि हातात आलेला कागद दारातच वाचा.”

पोच म्हणताच वर्गात हशा पिकला. घरी सगळ्यांनी ऐकलेलं होतं ना, ‘तुला काही पोच आहे का?’ एक पोरगं ओरडलं, “मावशी, आमच्या बाबांच्या मते मला ती नाहीच!” मावशीसुद्धा हसल्या.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिची आई कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करायची, म्हणून मुलं तिला कडक म्हणत. तिच्या गणवेशाची घडी कधी मोडलेली नसायची. एके दुपारी शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटातून शाळेचा नवा टॅब नाहीसा झाला. त्याच दुपारी खेळाच्या सरांनी कडकला हजेरीपट आणायला त्या खोलीत पाठवलं होतं. झालं! संशयाला एवढं पुरतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला बोलावलं आणि समोर कागद ठेवला. “मी घेतला, चूक झाली, एवढं लिहून दे. विषय इथेच मिटेल.”

“मी घेतलेला नाही,” ती म्हणाली.

“मग लिहून देईपर्यंत शाळेत यायचं नाही.”

हे कार्यालयातच झालं, म्हणून मला शब्द न् शब्द माहीत आहे. मोठ्या परीक्षेचे फॉर्म भरायला तेव्हा नऊ दिवस उरले होते. फॉर्म शाळेनेच भरायचा असतो. तो गेला नाही तर तिचं वर्ष गेलं आणि कपाळावर चोर हा शिक्का बसला, जो माझ्यासारखा पुसट होत नाही.

आता खरं सांगतो, मित्रांनो. मलाही वाटलं, हिनेच घेतला असेल. त्या दुपारी खणाच्या फटीतून मी तिच्या चपला कार्यालयाच्या दाराशी बराच वेळ घुटमळताना पाहिल्या होत्या. इथे काय काम होतं हिचं? पाणी मुरतंय कुठेतरी, असं मी डिंकाच्या बाटलीला सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ती अर्ज घेऊन आली. दोन प्रती, सुवाच्य अक्षर. ‘माझं म्हणणं ऐकून घ्यावं. आईला सोबत बसू द्यावं. माझ्याविरुद्ध काय पुरावा आहे तो दाखवावा. तोवर मला वर्गात बसू द्यावं.’

“ठेवून जा,” कारकून म्हणाले.

“काका, पोच द्या ना.”

“पोच अशी मागून मिळत नसते, पोरी. ती मुळात असावी लागते!” आणि ते आपल्याच विनोदावर खो खो हसले. शिपाईही हसला. ती कागद घेऊन परत गेली. मी म्हटलं, संपलं. असे कितीतरी गेले, परत कोण आलंय?

ती आली, तिसऱ्या दिवशी. “शिक्का सापडत नाही,” कारकून म्हणाले. अरे लबाडा! तुझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर मी पडलोय! पण खणातल्या शिक्क्याला कोण विचारतो?

चौथ्या दिवशी पुन्हा आली. आता फॉर्मला सहा दिवस उरले होते. “अजून सापडला नाही,” ते म्हणाले.

“बरं,” ती शांतपणे म्हणाली. “मग तसं लिहून द्या, काका.”

“कसं?”

“‘शाळेचा शिक्का हरवला आहे म्हणून पोच देता येत नाही.’ खाली तुमची सही. तेवढं चालेल मला.”

शाळेचा शिक्का हरवला, असं कारकून स्वतःच्या सहीने लिहून देणार? त्यापेक्षा त्याने नोकरीच सोडलेली बरी. दुसऱ्याकडून लिहून घ्यायला सगळ्यांना आवडतं हो, स्वतः लिहायची वेळ आली की बोटं कापतात. खण खाडकन उघडला. कारकुनांनी मला उचललं, शाईच्या गादीवर आपटलं आणि रागारागाने दोन्ही प्रतींवर ठसा मारला. “घे! आणि जा आता!”

आणि माझे पट्टे! ते अजून जूनमध्येच होते. टॅब नाहीसा झाला थंडीत आणि तिच्या अर्जावर मी उमटलो चौदा जून. कारकुनांनी हे घाईत केलं की मुद्दाम, ते मला आजही सांगता येणार नाही. मला तर मुद्दामच वाटतं. ती दाराकडे निघाली. मी मनातल्या मनात ओरडत होतो, वाच ग बये, वाच!

ती दारातच थांबली. कागद डोळ्यांसमोर धरला. मग वळली.

“काका, तारीख चुकलीय.”

“चालतंय ग. तारखेला काय सोनं लागलंय?”

“चालत नाही ना. चोरी व्हायच्या पाच महिने आधीच मी चोरीबद्दल अर्ज दिला, असं होतंय. मग तर मीच चोर ठरेन.”

शिपाई यावेळी हसला, पण कारकुनांकडे बघून. कारकुनांनी चुकीच्या ठशावर काट मारली, पेन्सिलीच्या टोकाने माझे पट्टे फिरवले, करकरत, एकेक करून, आणि पुन्हा उमटवलं. खाली सही केली. पाच महिन्यांनी मला आजची तारीख मिळाली. खोटं कशाला बोलू, मला रडू यायचं बाकी होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी तिला आणि तिच्या आईला बोलावणं आलं. आता अर्ज आलाच नाही असं म्हणता येत नव्हतं ना! कारकुनांचा मात्र माझ्यावर विश्वास उडाला होता. पुन्हा कोणी मागू नये म्हणून त्यांनी मला शर्टाच्या खिशात ठेवलं होतं, म्हणून मोठ्या बाईंच्या खोलीत मीही होतो. वकीलमावशी नव्हत्या. मुलं उलट बोलायला लागली म्हणून त्यांचे शनिवार बंद केले होते. मला वाटलं, बघा, आग लावून मावशी पसार. नंतर कळलं की त्या तासभर फाटकाबाहेर उभ्या होत्या, त्यांना आतच सोडलं नव्हतं.

आई हात जोडूनच आत आली. “बाई, तुम्ही म्हणाल तिथे सही करते. पोरीचं वर्ष तेवढं वाचवा.”

“आई, नको.”

“सही करून टाक ग. मोठ्यांशी वैर आपल्याला परवडत नाही. तुझ्या पाया पडते.”

मुलीने आईकडे पाहिलं. “तुलाही वाटतं का मी घेतला?”

आईने आधी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या क्षणी मुलीचा चेहरा मला खिशाच्या कडेवरून दिसला आणि तो बघायला नको होता असं वाटलं. मग आई म्हणाली, “नाही ग. पण माझ्या वाटण्याला इथे कोण विचारतंय?”

“त्या दुपारी तू कार्यालयाशी काय करत होतीस?” मोठ्या बाईंनी विचारलं. घुटमळणाऱ्या चपला त्यांनीही पाहिल्या होत्या तर!

“फॉर्मवर आईचं नाव चुकलंय, त्याच्या दुरुस्तीचा अर्ज द्यायला आले होते. काका म्हणाले, ठेवून जा.”

“असे पुष्कळ येतात, मला नाही आठवत,” कारकून पुटपुटले. पण मला आठवलं! त्या दुपारी एक कागद खणात माझ्या अंगावर येऊन पडला होता. त्यावर मी उमटलो असतो, तर आज तो तिच्या बाजूने बोलला असता. मी तिथेच होतो आणि तिच्या कामी आलो नाही. याचं मला वाईट वाटतं.

“म्हणजे पुरावा नाही,” बाई म्हणाल्या.

“माझ्याकडे नाही,” मुलगी म्हणाली. “पण तुमच्याकडेही नाही, बाई. शाबीत तुम्ही करायचं असतं. मला शाळेतून का काढलं, ते कारणासकट लेखी द्या. ते घेऊन मी संस्थेकडे जाईन.”

मोठ्या बाईंनी कारकुनांकडे असं काही पाहिलं, की मी खिशात दचकलो. “पोच दिलीत तुम्ही हिला?”

“तिने मागितली,” कारकून म्हणाले.

बाईंनी पेन उचललं. ‘सदर विद्यार्थिनीस शाळेत येण्यास मनाई करण्याचे कारण :’ एवढं लिहिलं आणि पुढे एकच शब्द लिहिला, ‘संशय’. मग त्या थांबल्या. तो एकच शब्द बराच वेळ बघत बसल्या. खाली सही करून हा कागद वर पाठवायचा, हे त्यांच्या हाताला जमेना. शेवटी कागद चुरगाळून म्हणाल्या, “उद्यापासून वर्गात बस.”

तिचा फॉर्म शेवटच्या दिवशी गेला, आईचं नाव दुरुस्त होऊन. त्यावर मीच उमटलो, बरोबर तारखेसह.

मित्रांनो, आता माझं रबर झिजलं आहे, ‘मिळाले’मधला ‘ले’ नीट उमटत नाही. लवकरच मला भंगारात काढतील. माझे पट्टे रोज फिरवा, मला कुलपात कोंडू नका, एवढं मागून मी थांबलो असतो. पण अजून एक सांगायचं राहिलं. तो टॅब कधीच सापडला नाही. कोणी नेला ते कोणालाच ठाऊक नाही, मलाही नाही. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, कधीकधी अजूनही वाटतं, कडकनेच तर नसेल नेला? आणि मग कळतं की कायदा कशासाठी आहे. सगळ्यांचा जिच्यावर विश्वास आहे, तिला कायदा लागतच नाही. तो लागतो, माझ्यासारखे लोक जिच्यावर संशय घेतात, तिला. म्हणून तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. तिला दाराबाहेर काढण्याआधी तिचं ऐकून घ्या, एवढंच म्हणतो.