नेव्हेनाचं फिल्टर

“तुमच्या नगरपालिकेला मी तीनदा लिहिलं होतं,” मेतोदी लेकीला म्हणाला. “एकदाही कोणी फिरकलं नाही.”

नेव्हेना आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी शेजाऱ्यांत वाटायचे उकडलेले गोड गहू वाट्यांत भरत होती. तिचा हात थांबला. इमारतीच्या जिन्याचा कठडा निखळून आई खाली पडली होती. तो हलत असल्याचं वडिलांना आधीपासून ठाऊक होतं, हे ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

“मला का नाही सांगितलंत, बाबा?”

“पोरगी नगरपालिकेत आहे म्हणून वशिला लावू? तुझी आई म्हणाली, सगळे लिहितात तसं कम्प्युटरवरून लिहा. लिहिलं. ‘तक्रार मिळाली’ असं उत्तरही आलं.”

“काय लिहिलंत?”

त्याने घसा साफ केला. “रांडेच्यांनो, जिन्याचा कठडा डुगडुगतोय. कोणी मेल्यावर येणार का, भडव्यांनो?” मग जरा ओशाळला. “शेवटी ‘आपला नम्र’ होतं. तुझ्या आईने लिहायला लावलं.”

डॅन्यूब नदीच्या धक्क्यावर क्रेन चालवण्यात त्याचा जन्म गेला होता. बायकोला लाडाने हाक मारायचा तीही शिवी देऊनच.

गेल्या हिवाळ्यात तक्रारी वाचणाऱ्या पोरी लोकांच्या शिव्यांनी रडकुंडीला आल्या, तेव्हा नेव्हेनाने तक्रारींना फिल्टर लावलं. शिव्यांची यादी तिनेच केली. कोणाला विचारावं लागलं नाही. लहानपणापासून घरात ऐकलेलं आठवून आठवून लिहिलं. यादीतला एक शब्द सापडला की ‘तक्रार मिळाली’ असं उत्तर आपोआप जाऊन तक्रार बाजूला पडायची. चहाच्या गाळणीतला चोथा निदान डोळ्यांना दिसतो. इथे अडकलेलं कोणी बघत नसे; काही दिवसांनी ते आपोआप पुसलं जाई.

“माझ्या लिहिण्यात काही चुकलं का गं, पोरी?”

खरं सांगितलं असतं, तर उरलेलं आयुष्य त्याने स्वतःच्या जिभेला दोष देत काढलं असतं.

“नाही, बाबा. तुम्ही बरोबर लिहिलंत. ते बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही.”

“तू?”

“हो. मी.”

तो शिव्या घालेल, मारेलसुद्धा, असं तिला वाटलं. त्याने फक्त टोपी चढवली आणि वाट्यांचं ताट घेऊन एकटाच शेजाऱ्यांकडे वाटायला गेला.

पुढच्या रविवारी ती पाव आणि चीज घेऊन आली. मेतोदीने दार उघडलं, बाजूला झाला.

“या,” तो म्हणाला, “बसा.”