बुजवलेली भोके

मित्रांनो, मी एक जुना ट्रेलर आहे. जीपमागे ओढायचे दोन चाकांचे घर म्हणा ना. रस्त्यांची मोजणी करणाऱ्या साहेबांनी माझ्यात राहून सारे घाट पालथे घातले आणि काम संपल्यावर मला रत्नागिरीत एका माडाखाली सोडून दिले.

त्र्याऐंशी साली बोटीवरची नोकरी संपवून आलेल्या हरिश्चंद्रांनी मला घरी नेले. त्यांच्या पत्नीला, मालनबाईंना, दमा होता. पावसाळ्यात घराच्या चिऱ्यांच्या भिंतींना ओल येई आणि त्यांची छाती वाजू लागे. त्यांना कोरड्यात झोपता यावे, एवढ्यासाठी माझी डागडुजी सुरू झाली.

हर्णेहून हरिश्चंद्रांचा मित्र धाकू आला. होड्या बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बाहेरचा पत्रा आणि आतली फळी यांच्यामध्ये त्याने काथ्या दाबून भरला. सांध्यांत कापूस ठोकून वर डांबर फासले. मग माझ्याखाली शिरून तो ओरडला, "दादा, अरे तळाला भोकं हायत ह्याच्या!"

"मुद्दाम ठेवलेली नसतील ना?"

"तळाला भोकं, नि मुद्दाम? अशा होडीत तू बसशील काय?"

दोघे हसले. हरिश्चंद्रांना शंका होती, पण मित्राचा हिरमोड नको म्हणून ते गप्प राहिले. भोके बुजली. मित्रांनो, भिंतीतले पाणी त्यांतूनच गळून जाई. पण मला कुठे बोलता येते!

पाऊस आला. एक थेंब आत शिरला नाही. मला केवढा अभिमान वाटला! पण मालनबाईंचा श्वास, स्टोव्हवरच्या चहाची वाफ, सारे काथ्यात मुरत गेले. बाहेर जायला वाटच नव्हती. श्रावणात माझे कोपरे बुरशीने कुबट झाले.

"बरं वाटतंय ना गो?" हरिश्चंद्र विचारीत.

"बरंय की," मालनबाई म्हणत, आणि ते गेले की उशीत तोंड खुपसून खोकत. त्यांना कोरडे ठेवायला आणलेला मी, मीच त्यांचा श्वास कोंडत होतो.

एका सकाळी त्यांना उठवेना. ओठ निळे पडले होते. त्यांना दवाखान्यात पोचवून आल्यावर हरिश्चंद्रांनी माझी फळी उचकटली. काळा, चिंब काथ्या पायांवर पडला. त्यांनी तसाच हर्णेला धाकूला निरोप धाडला.

मालनबाई बऱ्या होऊन परतल्या, त्याच दिवशी धाकू आला. मान वर न करता त्याने सुताराचा सामता फिरवून एकेक भोक पुन्हा पाडले. पाण्याची धार लागली.

"वैनी, होडीत पाणी भायेरून येतं," तो पुटपुटला. "हे मात्र..."

"हे माज्या श्वासाचं, भावजी," मालनबाई ओटीवरून म्हणाल्या. "आणि दोघं तोंडं कशाला पाडून बसलाव? मी तरी कुठं खरं बोलले?"

माझा काथ्या बदलला. मालनबाई आता खिडकी बोटभर उघडी ठेवून निजतात. हरिश्चंद्र सकाळी माडाच्या झावळीच्या हिराने माझी भोके साफ करतात. मग आत येऊन आधी भिंतीला हात लावतात आणि मगच विचारतात, "बरं वाटतंय ना गो?"

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी "बरंय की" म्हणत असेल. ऐकून घ्या, पण जाता जाता भिंतीला एकदा हात लावून पाहा.