खोक्यावर छापलेली नावं

लोधिवलीचे धाकलूबाबा चाळीस वर्षं मुरगळलेल्या पायांना पाल्याचा लेप लावत आले. पण पाला कोणता, हे त्यांनी घरच्यांनाही सांगितलं नाही. नाव उच्चारलं की औषधाचा गुण जातो, ही त्यांच्या बापाची शिकवण.

भातलावणी झाल्यावर ते बांधावरून घसरले आणि डोक्यावर आपटले. महिन्याभराने डोकं असं ठणकू लागलं की जेवण जाईना. कर्जतच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, "कवटीखाली रक्ताचा पातळ थर साचलाय, मेंदूला सूज आहे. गोळ्या घ्या. थर वाढला तर मात्र शस्त्रक्रिया."

त्यांची लेक हर्षला मोहोपाड्याच्या एका कारखान्यात जपानी साहेबांची दुभाषी. तिच्या साहेबांनी मायदेशच्या औषधी भुकटीचा खोका दिला.

"डॉक्टरांना इचारूनच घ्या, बाबा."

बाबांनी मान डोलावली आणि न विचारताच पुड्या सुरू केल्या. आठ दिवसांत ठणका निम्म्यावर आला.

हर्षलाबरोबर तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी सहज विचारलं, "आणखी काही औषध घेता?"

धाकलूबाबा पंख्याकडे बघू लागले. सांगितलं तर गुण जाणार, ठणका परतणार, डोकं उघडावं लागणार.

"अजून इचारलं नाय तुमी?" हर्षला चिडली.

"गप गं! नाव घेतलं की संपलं."

तिने त्यांच्या पिशवीतून खोका ओढून काढला. "हे बगा, छापलंय. दालचिनी, दोन कंद, दोन अळंब्या. अख्खा जपान वाचतो, तरी गुण येतोच ना?"

बाबा त्या अनोळखी अक्षरांकडे बघतच राहिले. "छापूनच टाकलंय? निलाजरे हायत लेकाचे!"

मग ते खाकरले. "लिवा डॉक्टर. पुडीचं नाव गोरेइसान."

"बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी अंधारातच गोळ्या बदलत बसलो असतो," डॉक्टर म्हणाले. "तिकडचे डॉक्टर हे देतात. मेंदूतलं जादा पाणी याने ओसरत असावं, असं काही अभ्यास सांगतात. पक्कं झालेलं नाही. आधी रक्त तपासू. मग मी सांगेन तेवढंच घ्यायचं."

तीन आठवड्यांनी नवा फोटो निघाला. थर निम्माच उरला होता.

"गोळ्यांनी, पुड्यांनी की शरीराने आपणहून, ते छातीठोक सांगता येणार नाही," डॉक्टर हसले. "पण शस्त्रक्रिया तूर्त नको."

धाकलूबाबांनी टोपी डोक्यावर नीट दाबून बसवली. कुठेच दुखलं नाही.

"चल गं," ते म्हणाले, "भूक लागलीय."